परवाचा ताप

“मॅडम, परवाचा ताप सकाळपासून हाय का दुपारून?” नूरबीने वर्गाच्या दारातूनच विचारलं. सकाळपासून असला तर पोरीला, अलीजाला घेऊन ती रोहिणखेडला माहेरी जाऊन येणार होती. दुपारून असला तर एसटी जमत नव्हती.

धम्मशीला मॅडम हजेरी घेता घेता थांबल्या. शाळेत साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी चौथीतल्या चार-पाच पोरांना ताप यायचा. गेली तीसेक वर्षं येत होता. गावात दुसरं काहीच इतकं वेळेवर येत नसे. ताप कोणाला येणार हे मुख्याध्यापक आधीच चिठ्ठीवर लिहून देत. वाचताना अडखळणारे, साहेबासमोर ‘का’च्या जागी ‘काऊन’ म्हणणारे, उत्तर येत नसलं की तसं सांगून टाकणारे. ही पोरं दरवर्षी नेमकी दोनच गल्ल्यांतली निघत, एक मशिदीमागची आणि एक विहारापुढची. डासांनाही इतकं काटेकोर जमलं नसतं.

“यंदा ताप नाही,” मॅडम म्हणाल्या.

नूरबी घाबरली. “काऊन मॅडम? काही चुकलं का तिचं?”

मुख्याध्यापक नारायणराव मनाने वाईट नव्हते. शाळेचे गुण वाईट होते. दुपारी त्यांनी चिठ्ठी पुन्हा मॅडमपुढे सरकवली. अलीजा, फैजान, प्रसेनजित, चांगुणा. शेरा वाईट आला तर शाळेचं नाव जाईल, पटसंख्या जाईल, मग शाळाच जाईल, असं त्यांनी क्रमाने सांगितलं. मग आवाज खाली आणला. “तुम्ही त्याच गल्लीतल्या, म्हून तुम्हाले लागते. मी समजतो.”

मॅडमनी चिठ्ठीची चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल स्थिर झालं.

मॅडम याच शाळेत शिकल्या होत्या. चौथीत त्यांनाही ताप आला होता. गुरुजींनी घरी पाठवलं, तेव्हा आई, भिमाबाई, कामावर निघाली होती. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला, कामावर जायचं रद्द केलं आणि दिवसभर ओली पट्टी बदलत बसली. संध्याकाळपर्यंत धम्मशीलाला आपण खरंच आजारी आहोत असं वाटू लागलं. गुरुजींच्या शब्दापुढे आईला स्वतःचा तळहात खोटा वाटला, याचा राग मॅडमच्या मनात अजून होता.

तपासणीच्या दिवशी एकतीसच्या एकतीस पोरं हजर होती. साहेब तरुण होते, बुटांवर धूळ नव्हती. त्यांनी फळ्यावर लिहिलं, सहाशे चोवीस भागिले सहा. नारायणरावांच्या खुणेसरशी पहिल्या बाकावरची वैष्णवी उठली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “एकशे वीस.” तिच्याकडून पाठ करून घेतलेलं उत्तर बरोबर होतं, प्रश्न वेगळा होता.

साहेबांनीच मग गणित सोडवायला घेतलं. सहात सहा एकदा. दोनात सहा बसत नाही, म्हणून शून्य.

मागून अलीजाचा हात वर आला. नारायणरावांनी डोळे मिटले.

“साहेब, बसत नाही तं बसत नाही. मंग शून्य काऊन लिहाचं?”

“नियम आहे तो.”

“कोनं केला?”

साहेब फळ्याकडे वळले. मग पोरांकडे. खडू या हातातून त्या हातात गेला. बाहेर खिचडी ढवळायचा आवाज आत येत होता. मॅडमना उत्तर येत होतं. त्या बोलल्या नाहीत.

प्रसेनजित बसल्या जागेवरूनच म्हणाला, “पंगतीत एखाद्याले वाढलं नाही, तरी त्याचं ताट राह्यतेच ना बे. ताट उचललं तं मागचा पुढं सरकते. मंग एकशे चारचे चौदा होतेत.”

“‘बे’ नको म्हणू रे,” नारायणराव पुटपुटले.

“मले म्हणत होता, सर,” अलीजा म्हणाली. “मले समजलं.”

साहेबांनी खडू प्रसेनजितच्या हातात दिला आणि स्वतः अलीजाशेजारी बाकावर बसले. बाक लहान होता. गुडघे कुठे ठेवावे हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

जाताना त्यांनी वहीत शेरा लिहिला: ‘चौथीची मुले प्रश्न विचारतात.’ नारायणरावांनी तो तीनदा वाचला. तक्रार की कौतुक, कळेना. त्यांचं अंग तापल्यासारखं झालं आणि ते लवकर घरी गेले. त्या दिवशी शाळेत ताप आलेले ते एकटेच.

संध्याकाळी भिमाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. मॅडमनी सगळं सांगितलं. म्हातारीने फक्त एवढंच विचारलं, “समदे होते?”

“एकतीसच्या एकतीस.”

भिमाबाईने मान हलवली आणि पाखडत राहिली. मग मॅडमनी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. “माय, तवा तू गुरुजीचं काऊन ऐकलं? तुया हाताले ताप लागला होता का?”

भिमाबाईने सूप खाली ठेवलं. तळहात लुगड्याला पुसला आणि लेकीच्या कपाळावर ठेवला.

“तवाबी असंच गार होतं,” ती म्हणाली.

“मंग पट्टी?”

“तुले काय सांगू, साळंतून काऊन धाडलं म्हून? ताप हाय म्हनलं, तं दुसऱ्या दिवशी हासत गेली तू.”

तूर तशीच सुपात राहिली. हात तिने काढला नाही.