भिंतीवरच्या बलिया

बारा दिवसांनी भुरीबाईला नागपूरच्या दवाखान्यात उजवा हात डोक्यावर नेऊन दहा मिनिटं तसाच ठेवायचा होता. डोंगर उचलायचा नव्हता, हातच उचलायचा होता. पण हात छातीपर्यंत यायचा आणि दाव्याला बांधलेल्या गाईसारखा तिथंच थांबायचा.

"काकू, ऑपरेशन झालं, छातीतली गाठ गेली," व्यायाम शिकवणाऱ्या मैत्रेयी मॅडमनं बजावलं होतं. "पण मशिनीचा, किरणांचा शेक राहिला तर अर्धंच काम झालं. हात वर गेला नाही तर शेक देता येत नाही. भिंतीसमोर उभ्या राहा, बोटं मुंगीसारखी वर चालवा. पोचाल तिथं रोज खूण करा."

राळेगावजवळच्या बंजारा तांड्यावर घरी आल्यावर उर्वशीनं, तिच्या लेकीनं, पेन्सिल आणली. पहिल्या दिवशीची खूण, दुसऱ्या दिवशीची, तिसऱ्या दिवशीची. तिन्ही एकावर एक बसल्या. भिंतीला जणू एकच जाड रेघ.

तांड्यानं तिला फुलासारखं जपलं होतं. कोणी पाण्याचा हंडा आणून ठेवी, कोणी भाकरी थापून देई. नवरा देवीलाल येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगे, "जिंदगीभर कापूस येचला इनं. आता म्या काडी उचलू देत नाही." दोन महिने सगळ्यांनी मिळून, मायेनं, तो हात असा बसवून टाकला होता.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी, रामसिंगची याडी म्हणजे आई, कढीचं गंज घेऊन आली.

"काय भुरी, राणीच झाली तू तं! आमाले कोनी बसू देते का असं?"

"या ना काकी, बसा माह्या बाजूले. तुमाले बी राणी करतो."

दोघी हसल्या. हसताना भुरीबाईच्या खांद्यावरची ओढणी घसरली आणि उजवा हात उघडा पडला. म्हातारीनं पाहिलं. पाहून पटकन मान खाली घातली आणि स्वतःच ओढणी ओढून तो हात झाकला, मेलेल्याचं तोंड झाकावं तसा. मग कढीचं काहीतरी बोलून निघून गेली.

उर्वशी दारातच उभी होती.

"याडी, दुखते म्हणून तू हात वर नाही करत, असं मले वाटे. तू तं दिसते म्हणून नाही करत."

भुरीबाईच्या डाव्या दंडावर पांढऱ्या बलिया, रुंद बांगड्या, कोपरापासून खांद्यापर्यंत चढत्या होत्या, लग्नात भरलेल्या. उजव्या दंडावरच्या सात मात्र ऑपरेशनच्या आधी करवतीनं कापाव्या लागल्या. त्या हातावर आता जन्मभर काही घट्ट घालायचं नाही, सूज चढते, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तांड्यात बलिया उतरतात त्या नवऱ्याच्या मागं. एका अंगानं सवाष्ण आणि एका अंगानं रांडव, अशी ती दोन महिने ओढणीखाली बसली होती.

"तुहा बाप जित्ता आहे," ती म्हणाली, "अन् मी हा भुंडा हात साऱ्यायच्या समोर वर करू? तिथं परके मान्सं राह्यतात."

"अन् नाही केला तं?"

"तं नाही केला."

अंगणात देवीलाल कापसाच्या पऱ्हाटीचे भारे बांधत होता. त्याचे हात क्षणभर थांबले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठोकण्याच्या आवाजानं भुरीबाई उठली.

"घर पाडून राह्यले का, उर्वशीचे बा?"

देवीलालच्या तोंडात खिळे होते. पेटीतल्या फडक्यात बांधून ठेवलेल्या कापलेल्या बलिया त्यानं काढल्या होत्या. पेन्सिलच्या जाड रेघेच्या वर, मुठीएवढ्या अंतरानं, एकेक बलिया तो खिळ्याला अडकवत होता. करवतीनं उघडलेली त्यांची तोंडं खाली लोंबत होती. सातवी त्यानं पार वर लावली. मग तोंडातला शेवटचा खिळा काढून म्हणाला,

"त्या आता तुह्याकडं येत नाहीत. तुलेच जा लागन त्यायच्याकडं."

"अन् तुमीच तं म्हनत होते, काडी उचलू नको."

"चुकलो," तो म्हणाला आणि हातोडा घेऊन बाहेर गेला.

त्या दिवशी बोटं पहिल्या बलियाला लागली. काखेत टाका उसवावा तशी कळ गेली, डोळ्यांतून पाणी आलं. तिला बलिया भरतानाचं गाणं आठवलं. आई एकेक बलिया दंडावर चढवत होती आणि बाया आपल्या गोरबोलीत गात होत्या: पहिलीला बापाची सावली, दुसरीला भावाचा घोडा, तिसरीला विहिरीचं गोड पाणी. ती गुणगुणू लागली. गाण्याच्या ओळीबरोबर बोटं चढत, कळ आली की ओळ मोडे, ती पुन्हा पहिल्यापासून धरी. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. सहाव्या दिवशी तिसरी. नवव्या दिवशी पाचवी. दहाव्या दिवशी खांदा असा सुजला की हात पुन्हा दुसरीवर आला. ती भिंतीला कपाळ टेकून रडली आणि उर्वशीनं तेल चोळलं. अकराव्या दिवशी सहावी. सातवी बोटभर दूर राहिली. सातवीची ओळही तिला आठवेना. सातवी भरताना आईच रडू लागली होती, गाणं तिथंच थांबलं होतं.

बाराव्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात, खोलीच्या दाराशी तिनं ओढणी देवीलालच्या हाती दिली. आत कडक, गार फळी होती आणि मशीन चालवणारा, उर्वशीच्या वयाचा एक मुलगा.

"मावशी, हात वर घ्या. आज नुसतं माप घेतो. शेक उद्यापासून, पंचवीस दिवस."

तिनं डोळे मिटले. बापाची सावली. भावाचा घोडा. गोड पाणी. सहावीपाशी हात अडला.

"अजून थोडा, मावशी."

पुढं ओळ नव्हती. मुक्यानंच तिनं तो हात ढकलला. आत काहीतरी तटकन ताणलं आणि मनगट डोक्यामागच्या आधाराला टेकलं.

"बस. आता हलू नका."

दहा मिनिटं उघडा दंड परक्या उजेडात तसाच राहिला. मुलगा यंत्राकडे बघत होता, दंडाकडे त्याचं लक्षच नव्हतं.

बाहेर आली तेव्हा हात खाली घेता येत नव्हता, अर्ध्यातच अडकला होता. देवीलालनं ओढणी उलगडली, तिच्या खांद्यावर टाकायला पुढं झाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्या पुन्हा काढाच लागते."

बाकावर बसलेली एक बाई दंडाकडे बघत होती. ओढणीकडे तिनं पाहिलं, मग दाराकडे, आणि तशीच चालू लागली.