पहिल्यापासून म्हण

गावातल्या जिनमंदिरात वीस वर्षं मी पोरांकडून स्तोत्रं पाठ करून घेते. नियम एकच, अक्षर चुकलं की पहिल्यापासून. चाळिसाव्या श्लोकात चुकलं तरी पहिल्यापासून. पोरं मागून मला ‘पहिल्यापासून काकू’ म्हणतात. म्हणू देत.

माझी मुलगी भाग्यश्री शिरवळच्या कारखान्यात इंजिनियर आहे. कंपनी तिला दोन वर्षं फ्रान्सला पाठवणार होती, पण फ्रेंचची तोंडी परीक्षा पास झाली तरच. शनिवारी ती सांगलीला उतरून घरी आली की मी तिचं पाठांतर घ्यायला बसायची. मला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तिनं क्रियापदं मराठी अक्षरांत लिहून दिली आणि पेन्सिलीनं तोडून दाखवली. नू पार-लों, आम्ही बोलतो; वू पार-ले, तुम्ही बोलता. एका तुकड्याला एक पेर, असं मी जपासारखी बोटांच्या पेरांवर मोजायची. ‘ते बोलतात’ म्हणजे ‘इल पार्ल’, त्याच्या क्रियापदाला मात्र एकच पेर लागलं.

“पुस्तकात तर लांबलचक शेपूट हाय की. खाल्लंस व्हय?”

“आई, ते लिवायचं असतंय, म्हणायचं न्हाई.”

अक्षर छापायचं आणि गिळायचं, हे काही मला पटलं नाही. पण मान्य केलं. माझा नियम मात्र सोडला नाही. पेर चुकलं की, “पहिल्यापासून म्हण.” तीही निमूट म्हणायची. महिनाभरात मलाच सगळं पाठ झालं आणि मी शेजारणींत मिरवूनही घेतलं.

परीक्षा पुण्यात होती. आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं. चौथ्या वाक्यात तिचं एक क्रियापद चुकलं. ती थांबली, माफी मागितली आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा चुकली, पुन्हा पहिल्यापासून. वेळ संपली तेव्हा तिचं नाव-गावच सांगून झालं होतं. नापास. फ्रान्सची जागा तिच्याबरोबरच्या अनीशला मिळाली.

“परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, एक शब्द चुकला तर काय बिघडतंय? पुढं का न्हाई गेलीस?” एवढं सांगून ती जेवायला बसली. मला तिनं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पाच महिन्यांनी, पुढच्या जागेसाठी, परीक्षा पुन्हा होती. पुढच्या शनिवारी मी हात पुसत तिच्यासमोर बसले, तर तिनं वही मिटली.

“आई, राग मानू नगंस. तू समोर बसलीस की माझी जीभ अडती.”

राग आला, लय आला, पण काढायचा कुणावर? उठून मागच्या पायरीवर मेथी निवडत बसले. खिडकी उघडीच होती. ती भराभर बोलत होती. मध्येच ‘इल पार्ल’च्या क्रियापदाला तिनं दोन पेरं दिली. चुकलं. ती थांबली. माझ्या तोंडून शब्द निघणारच होता. मी पदर तोंडात कोंबला.

मग तिनं पुढचं वाक्य म्हटलं, आणि मला रडू फुटलं.