खिळ्यावर टांगलेला आवाज

मी एक जुना सायलेन्सर आहे. मोटरसायकलच्या मागच्या चाकाशेजारी लोखंडाचं लांबट नळकांडं असतं ना, ते मी. माझी मोटरसायकल आता नाही. मी एकटाच एका गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होतो, तिथली ही गोष्ट.

मित्रांनो, सायलेन्सरला स्वतःचा आवाज नसतो. इंजिनातून तापलेला धूर सुटतो, माझ्या आतल्या कप्प्यांतून वळसे घेतो आणि दमून बाहेर पडतो. तो किती जोरात सुटेल, हे चालवणाऱ्याचं मनगट ठरवतं. म्हणून माझ्या तोंडून नेहमी एका माणसाचं मनगट बोलायचं.

तो माणूस रक्तपेढीत कामाला होता. मागच्या सीटवर बर्फाची पेटी बांधून तो रक्ताच्या पिशव्या दूरदूरच्या दवाखान्यांत पोचवायचा. फार हादरे बसले तर रक्त खराब होतं, असं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते त्याने इतकं मनावर घेतलं, की पेटी रिकामी असली तरी तो तसाच जपून चालवायचा. गॅरेजमध्ये सगळे त्याला गोगलगाय म्हणत.

"गोगलगाय दिसली रे कोपऱ्यावर!" गॅरेजवाले काका ओरडत. "आत्ता चहा टाकला तर ती पोचेपर्यंत उकळेल."

"हळू येतो काका, पण येतो की नाही?" तो हसून म्हणायचा.

एकदा मी दगडावर आपटलो. मला पोचा आला, आतला एक पत्रा सैल झाला. गाडी बंद होताना तो 'खळ्' असा वाजू लागला. काकांनी मला बदलायचं म्हटलं, तर तो माणूस नको म्हणाला. त्याची एक सवय होती. घरासमोर आला, की गाडी बंद करण्याआधी तो दोनदा हलकेच रेस द्यायचा. धुर्र, धुर्र, आणि मग खळ्. आतून त्याची बायको विचारायची, "आलात? हात धुवा, वाढते." तिच्या कडेवर त्यांची लेक असायची, अजून दातही न आलेली.

एक दिवस गॅरेजमध्ये एका सिनेमासाठी आवाज टिपणारा ध्वनिमुद्रक आला. त्या सिनेमातल्या नायकाची गाडी दिसायला राजबिंडी होती, पण आवाज शिलाई मशीनचा. त्याला भारदस्त आवाज हवा होता. त्याने माझ्याजवळ माइक बांधला आणि आम्हाला एका मोकळ्या रस्त्यावर नेलं.

"जोरात पळवा," तो म्हणाला.

"पुढे वळण आहे."

"वळण आवाजात दिसणार नाही हो."

"मला दिसतंय ना!"

शेवटी थांबताना सवयीने दोनदा रेस दिली गेली. ध्वनिमुद्रकाने कानावरचा हेडफोन दाबून धरला आणि म्हणाला, "हे छान आलं. राहू दे."

तो सिनेमा पडद्यावर आला तेव्हा ही गोगलगाय नव्हती. हिवाळ्यातली पहाट होती, धुकं होतं. रस्त्यात बंद पडलेला एक ट्रक उभा होता. मागे दिवा नव्हता, लाल फडकं नव्हतं, कोणी दगडसुद्धा मांडून ठेवले नव्हते. आमचा वेग कमीच होता. तेवढाही पुरला. मी मागे होतो म्हणून वाचलो. इंजिन बंद पडलं आणि वाटेतला धूर माझ्या आतच राहिला. त्याची काजळी माझ्या पोटात तशीच बसून राहिली.

काकांनी मला खिळ्यावर टांगलं. माझ्याखाली दर शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलवेड्यांचा अड्डा जमू लागला. जुन्या टीव्हीवर मोटरसायकलींचे सिनेमे लावायचे आणि त्यांची सालटी काढायची, हा त्यांचा खेळ.

"पाऊस पडतोय आणि टायर कोरडे!" बँकेतला कॅशियर ओरडायचा. "आणि हा किती गिअर टाकतोय? गाडी आहे की जिना?"

"एवढा आपटला आणि दात सगळे शाबूत," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "याला माझ्याकडे पाठवा, तपासून घेते."

"सिनेमात मरतात तेसुद्धा सावकाश, गाणं संपेपर्यंत," त्या एकदा म्हणाल्या. "खरा माणूस गेला, की रस्ता धुतात आणि वाहतूक सुरू." त्या दिवशी सगळ्यांनी वर माझ्याकडे पाहिलं होतं.

पुढे मोठी झाल्यावर ती लेकही त्या अड्ड्यात येऊ लागली. तिने वडिलांसारखीच जुनी मोटरसायकल शोधून घेतली होती. ती गॅरेजमध्येच ठेवावी लागे. दारात मोटरसायकल आणायची नाही, अशी आईची एकच अट होती.

एका शनिवारी तो सिनेमा लागला. नायक घाटातून गाडी उधळत खाली येत होता.

"ऐका, ऐका!" कॅशियर टाळी देत म्हणाला. "गाडी दोन सिलिंडरची, आवाज एका सिलिंडरचा. कोणाचा तरी उचलून चिकटवलाय. सगळं बोगस!"

सगळे हसले. खिळ्यावर मी थिजून गेलो. पडद्यावरचा तो मुलगा वळणं कापत सुटला होता, पण त्या आवाजात एक माणूस वळण येण्याआधी हळूच मनगट सैल सोडत होता. ते वळण फक्त मला ठाऊक होतं. नायक थांबला. धुर्र, धुर्र, खळ्.

"मागे घ्या," लेक म्हणाली.

पुन्हा लावलं. ती उठून टीव्हीजवळ गेली. "आई सांगते, बाबा घरी आले की दोनदा रेस द्यायचे, मग खळ् वाजायचं. एवढंच सांगते, पुढे बोलत नाही."

"अगं, दोनदा रेस कोणीही देतं," कॅशियर हळू आवाजात म्हणाला.

तिने काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "मला नको विचारू. मला तो हवाय, म्हणून मला तो ऐकू येणारच."

"मग आईलाच विचारते. दारात जाऊन."

"तिला सोसेल का?"

"माहीत नाही. पण बाबांचं मला काहीच आठवत नाही, काका. एवढं एक तरी खरं आहे का, कळू दे."

काकांनी स्टुलावर चढून मला खाली काढलं आणि तिच्या गाडीला बसवलं. तिने किक मारली. माझ्या तोंडातून काळा, कोरडा भपकारा निघाला. वाटेत राहिलेला तो धूर होता. काकांच्या तळहातावर काजळी उडाली. ती त्यांनी पुसली नाही.

लेक हळू चालवत गेली. दिवेलागणीची वेळ होती. घराच्या खिडकीतून भांड्यांचा आवाज येत होता. तिने दोनदा रेस दिली आणि गाडी बंद केली.

खळ्.

भांडी थांबली.

"आलात? हात धुवा, वाढते."

तो आवाज अगदी तेव्हाचा होता, तेवढाच तरुण. बऱ्याच वेळाने आई दारात आली. तिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या पोच्याकडे. ती पायरी उतरून माझ्याजवळ बसली.

"आई, चटका बसेल."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तिने तळहात माझ्यापासून बोटभर अंतरावर धरला. किती जवळ न्यायचा, ते हाताला आठवत होतं.

मी निवत चाललो तसा तो हात जवळ येत गेला.

"पुन्हा रेस दे," आई म्हणाली.

मित्रांनो, सिनेमे खुशाल बघा, त्यांना हसाही. पण तुमची गाडी कधी रस्त्यात बंद पडली, तर तिच्यामागे काहीतरी लाल लावा. दिवा नसेल तर फडकं बांधा, फडकं नसेल तर झाडाची फांदी मोडून लांबवर ठेवा. धुक्यातून कोणीतरी हळू येत असेल. त्याला पोचू द्या.