गाऱ्हाणं ऐकलेला कॉलर माईक

मी एक कॉलर माईक. बोलणं हे काही माझं काम नव्हे. पण एक गोष्ट पोटात राहत नाही, म्हणून आज तोंड उघडतोय.

दिसायला मी हरभऱ्याच्या दाण्याएवढा. डोक्यावर स्पंजची काळी टोपी, पाठीला चिमटा आणि मागे भलंमोठं वायरीचं शेपूट. स्वभावाने चौकस. खरं सांगू? भोचकच. माणसं आपापसात काय बोलतात ते ऐकायची मला जन्मजात खोड आहे आणि मला तिची जराही लाज वाटत नाही. कारखान्यात कुणीतरी माझ्या डोक्यावर टिचकी मारली, तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं. त्यानंतर डबीत बंद झालो तो थेट अंधेरीच्या एका दुकानात. आठ महिने काचेच्या कपाटात बसून होतो. मला कोण नेणार, कुणाच्या शर्टाला लावणार, हाच विचार दिवसभर.

एका शनिवारी सकाळी बहीण-भाऊ आले. श्रुतिका थोरली, नितेश धाकटा. नितेशच्या खांद्यावर जुना कॅमकॉर्डर होता. सुट्टीच्या दिवशी तो त्याच्यावर हळदी, साखरपुडे शूट करायचा.

"बाबांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करायचंय," श्रुतिका म्हणाली. "कॅमेऱ्यात बाबांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो."

दुकानवाला देवेश हुशार. आधी त्याने कॅमेऱ्याला माईकचं भोक आहे का ते पाहिलं. मग एक लांब माईक काढला. गेलं गिऱ्हाईक!

"हा कॅमेऱ्यावर बसतो. समोरचं चांगलं ऐकतो, पण लांबून. खोली केवढी आहे?"

"दहा बाय बारा. घाटकोपरला. डोक्यावरून विमानं जातात."

"मग हा नको. माणसाच्या जवळ जाईल असा घ्या." त्याने मला बाहेर काढलं. "पिनवर काळी वळी मोजा. तीन असली तर मोबाईलचा, तुमच्या कॅमेऱ्याला चालणार नाही. ह्याच्यावर दोन आहेत. आणि हेडफोन लावल्याशिवाय शूटिंग करू नका, साहेब. डोळे फसवतात."

"आवाज चुकला तर दुसऱ्यांदा घेऊ की," नितेश म्हणाला.

"दुसऱ्यांदा कुठलं रे?" श्रुतिका पटकन बोलली. "बुधवारी ऑपरेशन आहे."

मग देवेशला तिने सांगितलं. बाबांच्या गळ्यात गाठ आहे. स्वरयंत्रच काढणार. बुधवारनंतर बाबा दिसतील, चालतील, जेवतील. पण बोलणार नाहीत. देवेशने मला डबीत घातलं आणि वर एक बटणसेल जास्तीचा दिला. मी मात्र विचारात पडलो. गाऱ्हाणं म्हणजे काय असेल? आणि ज्याच्याकडे चारच दिवसांचा आवाज उरलाय, तो माणूस काय बोलेल?

रविवारी सकाळी मी नंदकुमारांच्या सदऱ्यावर चढलो. बाबा म्हणजे हे नंदकुमार. मालवणकडचे, जन्म गिरणीत गेलेला. पण बिल्डिंगमधल्या सगळ्या कोकणी घरांत सत्यनारायण असो की गणपती, सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायला त्यांनाच बोलावणं. नितेशने हनुवटीखाली एक वीत मोजून मला लावलं. वायर सदऱ्यावर घासू नये म्हणून आतून तिचा एक वेढा करून चिकटपट्टी मारली. आवाजाची पातळी कॅमेऱ्यावर न सोडता हाताने लावली आणि कानाला हेडफोन चढवले. झकास काम केलं पोराने.

श्रुतिकाने तर घराचा कर्फ्यूच केला. पंखा बंद, फ्रीज बंद, मोबाईल बंद. दारावर कागद: "शूटिंग चालू आहे. बेल वाजवू नये." शेजारच्या शकुमावशी आणि आणखी पाचसहा माणसं गाऱ्हाण्याला म्हणून आली होती. त्यांना तिने भिंतीला टेकून बसवलं. "कुणी हूं की चूं करायचं नाही हां. मला फक्त बाबांचा आवाज पाहिजे."

"तुमचं मागून बोलायचं ते नंतर एडिटिंगला जोडू," नितेश म्हणाला.

आई, म्हणजे वनमालाबाई, नारळ मांडून स्वयंपाकघराच्या दारात बसल्या.

नंदकुमारांनी हात जोडले. आवाज घोगरा, पण काय जरब! "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत..."

आणि ते थांबले.

एवढ्या जवळून मला सगळं ऐकू येत होतं. श्वास आत घेतलेला, छाती ठोके देणारी. कशाची तरी वाट पाहत होते. खोलीत चिडीचूप. त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं, अर्ध्यावर अडखळले आणि हात खाली घेतले.

"दुखतंय का, बाबा?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा सुरुवात. पुन्हा त्याच ठिकाणी गाडी अडली. तिसऱ्यांदा तर शब्दच सापडेनात. पन्नास वर्षं तोंडपाठ असलेलं गाऱ्हाणं, आणि आज माणूस पहिल्या ओळीपुढे जाईना!

"वाट लागली, ताई. त्यांना जमत नाहीये," नितेश पुटपुटला. श्रुतिका रडकुंडीलाच आली. "बाबा, प्लीज. एकदाच. परत कधी ऐकू मी?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, दुखत नाहीये त्यांचं, ते वाट बघतायत! पण कशाची, ते मलाही कळत नव्हतं. आणि ऐकणाऱ्याचं सांगणं ऐकतो कोण?

चौथ्यांदा त्यांनी हात जोडले. "...तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा," दारातून वनमालाबाई बोलून गेल्या. सवयीने. लगेच त्यांनी तोंडावर पदर धरला.

"आई! आवाज आला तुझा!" नितेशने हेडफोन ओढून काढले. "परत घ्यायला लागणार!"

"गप रे!" नंदकुमार कडाडले. "ताच तर व्हया माका! मगासपासून सांगतंय कोणाक मी, भिंतीक? गाऱ्हाणां कोण एकट्यान घालता?"

शकुमावशी खुदकन हसल्या, आणि श्रुतिका हसता हसता रडली. तिने स्वतःच दारावरचा कागद फाडला. माणसं भिंत सोडून पुढे सरकली, मांडीला मांडी लावून बसली.

आणि मग गाऱ्हाणं सुटलं! एका ओळीला एक हुंकार. "तेंची राखण कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "चुकला माकला पदरात घे!" "व्हय म्हाराजा!" वरून विमान गेलं, कुणाला पर्वा नव्हती. शेवटी नंदकुमार थोडे थांबले आणि रोजच्या गाऱ्हाण्यात नसलेलं बोलले.

"माझो आवाज नेतंस, तर ने. पण ह्या घरातलो हुंकार बंद पडूक देऊ नको रे म्हाराजा."

या वेळी "व्हय" यायला उशीर झाला. पण आला.

ऑपरेशन झालं. आता मी त्यांच्या घरी कापूर-उदबत्तीच्या डब्यात राहतो. स्पंजची टोपी हरवली, सेल कधीच संपला. वर्षभर कुणी विचारत नाही. पण यंदा गणपतीत श्रुतिकाने मला काढलं, नवा सेल घातला आणि बाबांच्या सदऱ्याला लावलं.

"आता कशाला गं?" नितेशने विचारलं.

"असू दे."

टीव्हीवर ते गाऱ्हाणं लावलं. खोली माणसांनी भरलेली. टीव्हीतले नंदकुमार म्हणायचे आणि सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचे. समोर बसलेल्या नंदकुमारांच्या गळ्यातल्या छिद्रातून श्वास येत-जात होता. शेवटची ओळ आली. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हताच. मग त्यांनी तळहात छातीवर मारला, अगदी माझ्या शेजारी. धप्प! सगळ्यांच्या "व्हय"बरोबर, बरोब्बर ठेक्यात.

तो हुंकार मी ऐकला.

तुमच्याही घरात कुणी बोलणारं असेल. माझ्यासारखा माईक जरूर आणा, पिनवरची वळी मोजा, हनुवटीखाली एक वीत जागा धरा. पण बाबांनो, पाया पडतो तुमच्या, खोली रिकामी करू नका. समोर बसून "व्हय" म्हणा.