मला भंगार म्हणू नका

मी बोलतोय, मन्मथअप्पांच्या माडीवरच्या छोट्या रेल्वेचं इंजिन. वीतभर आहे म्हणून काय झालं? भंगार म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

युसूफ वडगाव नावाच्या गावात अप्पांचं कापडाचं दुकान. गावात रेल्वे नाही, म्हणून अप्पांनीच माडीवर प्लायवूडच्या फळ्या मांडून रूळ बसवले. भुसा आणि प्लास्टरचा घाट केला, पुठ्ठ्याचं स्टेशन केलं. वळणावर मी घसरायचो, तर शिव्या मला! वळण आवळलं होतं त्यांनी. पटलं त्यांना शेवटी. मग वळण मोठं झालं, रुळांचे सांधे कानशीने घासले गेले, रोज स्पिरिटचं फडकं फिरू लागलं. रुळांतून येणारी वीज हाच माझा घास. वर धूळ बसली की मी उपाशी. दोन वर्षं खपले बिचारे, तेव्हा कुठे मी न अडखळता धावलो.

थोरले भाऊ महांतेशआण्णा यांना माल ठेवायला माडी हवी होती. त्यांनी बजावलं, "दसऱ्याला समद्यांम्होरं एक पुरा चक्कर मारून दाव. न्हाई जमलं तर ह्या फळ्या दुकानात रॅकला लागतील."

आदल्या दिवशी खंडेनवमी. कात्र्या, गज, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा झाली. अप्पा सणाच्या गर्दीत दुकानातच अडकलेले. त्यांची बायको शिवगंगाबाई, घरात आमच्या बाजूची एकटीच. ती माडीवर आली आणि गाडी नीट धावावी म्हणून रुळांवर जागोजाग विभूतीची तीन-तीन बोटं ओढली, वर नारळाचं पाणी शिंपडलं. अहो बाई, रुळांवर? माझ्या ताटात राख?

दसऱ्याला सगळे जमले. अप्पांनी बटण दाबलं. मी हातभर गेलो आणि ढिम्म. अप्पांनी वाकून रुळावर बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट बघितलं, मग शिवगंगाबाईंकडे बघितलं. ती हात जोडून उभी होती.

त्यांनी बोट पँटला पुसलं. "इंजिनच भंगार हाय, आण्णा. फळ्या घेऊन जावा."

खोटं! साफ खोटं! फडकं फिरवलं असतं तर मी दहा चकरा मारल्या असत्या. पण मग कारण चारचौघांत कळलं असतं, बायकोची मान खाली गेली असती. ते मलाही कळतं हो. पण त्यासाठी माझंच नाव का घालवलं?

आता त्या फळ्यांवर साड्यांचे गठ्ठे आहेत आणि मी काउंटरच्या खणात, मीटरपट्टीशेजारी. परवा शिवगंगाबाई मला हातात घेऊन म्हणाली, "ह्या मेल्यानं तुमचं नाक कापलं." अप्पांनी मला तिच्या हातातून घेऊन परत खणात ठेवलं.

अप्पा, तिला नका सांगू. कधीच नका सांगू. पण दुपारी गिऱ्हाईक नसताना हा खण उघडा आणि मला एवढंच म्हणा, की दोष तुझा नव्हता.