पाणवठ्यावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. पाटी होण्याआधी मी आकाराम फौजीच्या ट्रंकेचे झाकण होते.

साखर कारखान्याची मळी गावच्या ओढ्यात येऊ लागली. पाणी काळे पडले. ते पिऊन आकारामची गाभण म्हैस मेली. त्याची बायको विजयमाला म्हणाली, "आज म्हस मेली, उद्या पोरं मरतील." त्याने झाकण तोडले. तिने तांबड्या रंगाने माझ्यावर लिहिले, 'हे पाणी विषारी आहे. पिऊ नका.' मला पाणवठ्यावर ठोकले.

पावसाळाभर लोक नुसते हसले. "फौजी, पाकिस्तान संपलं, आता ओढ्यासंगं लढाई व्हय रं?" म्हणायचे आणि घागरी भरायचे.

मग सांगलीच्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मथळा होता, 'विषारी पाण्याचे गाव'. चावडीवर बातमी मोठ्याने वाचली गेली. त्याच आठवड्यात भामाबाईच्या पोराची ठरलेली सोयरीक मोडली. कवठे महांकाळचे पाहुणे म्हणाले, "आमच्यात पाणी न्हाई, पर इख तरी न्हाई."

दुसऱ्या सकाळी गाव ओढ्यावर चालून आला. "ह्या बाईनं गावाची अब्रू घालवली! फोडा ती पाटी!"

पहिला दगड भामाबाईचा. मग दगडांचा पाऊसच पडला. मला पोचे आले, रंगाचे टवके उडाले, खिळे निखळले. चौघांनी मला वाचवायला धावलेल्या आकारामला चिखलात दाबून काठीने त्याचा हात मोडला. विजयमाला माझ्यापुढे उभी राहिली. "आरं, तुमच्याच पोरांसाठी लिवलंय!" ती ओरडली. एक दगड तिच्या कानशिलावर बसला. ती माझ्यावर आपटली. तिचे रक्त माझ्या अक्षरांवरून खाली गेले. ती तिथेच मेली. लोक पळाले.

वर्तमानपत्रात पुन्हा बातमी आली. या वेळी ती कुणी मोठ्याने वाचली नाही.

तेरावे झाल्यावर आकारामने एका हाताने मला परत ठोकले. भामाबाई घागर घेऊन आली. तिला वाचता येत नव्हते.

"आवं भावजी, काय लिवलंय ह्याच्यावर?"

आकारामने वाचून दाखवले.

"गावाचं नाव न्हाई?"

"न्हाई."

"माज्या पोराचं?"

"न्हाई वयनी. पाणी पिऊ नका, एवढंच."

भामाबाई घागर न भरताच माघारी गेली.

मित्रांनो, माझा पत्रा ठोकून सरळ होईल. विजयमाला परत येणार नाही. पाटीवर काय आहे ते आधी वाचा. वाचता येत नसेल तर कुणाला विचारा. विचारायला लाज वाटून घेऊ नका. मारताना ती कुणालाच वाटली नव्हती.