चाळीस चमचे पाणी

वाळवंटाकाठच्या नुकुस शहरात उन्हाळ्यात नळ उघडला की आधी नुसती हवा फुसफुसते. चौथ्या मजल्यावर तर हवाच येते. म्हणून घरोघरी छोटे पंप बसले. सगळे एकदम लागले की इमारतीचा फ्यूज उडायचा, मग पाळ्या ठरल्या: सकाळी खालचे मजले, दुपारी वरचे.

चौथ्या मजल्यावरच्या पेरिझातला दुपारपर्यंत धीर नव्हता. आज तिच्या अयपाराचा चिल्ला संपत होता. जन्मल्यापासून चाळीस दिवस लेक घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. आज चाळीस चमचे पाण्याने न्हायची आणि आजोळी जायची. "दिवस टळू देऊ नकोस," असं सासूबाईंनी गावाहून फोनवर बजावलं होतं. पेरिझातने तर मुद्दाम गुलाबी टब आणला होता. तो काठोकाठ भरावा, लेकीने त्यात पाय मारावेत, एवढीच तिची हौस.

"जरासा लावते, कुणाला कळतंय," असं लेकीलाच सांगत तिने बटण दाबलं.

पंप घुरघुरला. मग पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला आणि जिन्यात एकेक दार उघडल्याचे आवाज आले. टबाचा नुसता तळ ओला झाला होता.

तळमजल्यावरची ओराझगुल-अपा धापा टाकत वर आली. "पाळी कुणाची होती गं?"

"तुमची, अपा."

"आणि माझा म्हातारा डोक्याला साबण फासून बसलाय न्हाणीत. डोळे मिटून सगळ्या इमारतीचा उद्धार चाललाय."

पेरिझातला रडू फुटलं. "आज चिल्ल्याचं न्हाणं आहे. वायरमन संध्याकाळशिवाय यायचा नाही. मी टब भरायला गेले आणि..."

अपाने टबाकडे पाहिलं, मग बाळाकडे. "चमचे म्हणालेत ना, बादल्या नाही? वाळवंटातल्या बायकांनी ठरवलंय ते, उगीच नाही. चहाची किटली कुठंय?"

किटली सकाळपासून चुलीवर भरलेली होती. पाणी कोमट.

अपाने बाळाला टबावर आडवं धरलं. पेरिझात चमच्याने पाणी सोडू लागली: टाळूवर, खांद्यांवर, मुठींवर. अयपारा शिंकली, मग चक्क झोपली. मोजणं संपलं तरी किटली जड होती.

"उरलेलं मी नेते," अपा म्हणाली. "टबातलंही ओत यात. चिल्ल्याचं पाणी आहे, साबणाबरोबर म्हाताऱ्याचा रागही जाईल."

"माझी उद्या दुपारची पाळी तुम्ही घ्या."

"घेणारच. तू म्हणायची वाट बघत होते."

अपा किटली सांभाळत जिना उतरू लागली. पेरिझात उंबऱ्याशी थबकली. मग लेकीला छातीशी धरून तिने तो ओलांडला. आजोळ नंतर, आधी तळमजल्यावर, डोळे मिटून बसलेल्या त्या आजोबांची माफी मागायची होती.